हातुलेनचा नळ आणि ओलांदिनाची आई

ओलांदिना गाडीत बसली की आधी चपला काढते. अनवाणी पायाला क्लच कळतो, असं तिचं म्हणणं. दिली शहरातल्या त्या परदेशी मदतसंस्थेच्या अंगणात चालक पुष्कळ, बाकी सगळे बापे, पण डोंगरात जायचं म्हटलं की पाहुणे तिचंच नाव घेतात. कारण ओलांदिनाच्या गाडीत कुणाला उलटी होत नाही. तिमोरच्या रस्त्यांवर ही काही लहानसहान कीर्ती नव्हे.

हे काम तिच्या पदरात कुणी आयतं टाकलं नव्हतं. तरुणपणी ती कॉफीच्या गोदामात दाणे निवडायला बसायची. तिथे तोमे नावाचा ट्रकवाला यायचा. त्याने तिला समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर ट्रक चालवायला शिकवलं आणि मग लग्नही केलं. आधी ट्रक, मग लग्न, हा क्रम तोमे अजून अभिमानाने सांगतो. पुढे तो या संस्थेत चालक झाला, आणि काही वर्षांत त्याची कंबर गेली. तेव्हा ओलांदिना त्याचाच शर्ट घालून कार्यालयात जाऊन उभी राहिली.

कारभार बघणारे आबेल चष्म्यावरून बघत म्हणाले, "माना, गाडी डोंगरात न्यायची असते. भाजीबाजारात नाही."

माना म्हणजे ताई. आबेल तिच्यापेक्षा वयाने मोठे, पण नाही म्हणायचं असलं की तिकडे माणसं जास्त आदराने बोलतात.

"मग डोंगरातच बघा ना," ती म्हणाली.

आबेल शेजारी बसले आणि गाडी आयलेऊच्या चढाला लागली. पाऊस पडत होता. ऐन वळणावर वरून कॉफीचा ट्रक आला. बाजू द्यायला जागा मागे, पार खालच्या वळणाशी. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. आबेल म्हणाले, "मी खाली उतरून मागचं सांगतो." ती म्हणाली, "बसा, तुम्ही भिजाल." आणि चिखलातून उलटी गाडी तिने अशी खाली नेली की ट्रकवाल्याने जाताना टोपी काढली. आबेलनी मुठीतली जपमाळ हळूच खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर घेतलं.

काम म्हणजे पाहुण्यांना बेटभर फिरवून संस्थेची कामं दाखवणं. कुठे शाळा, कुठे बाळंतपणाची खोली, कुठे संडास, कुठे शेळ्या. पाहुणे प्रश्न विचारायचे, गावकरी उत्तर द्यायचे, आणि दोन्हीकडचं एकमेकांना सांगायचं ते ओलांदिनाने. यात तिचा हात गाडीइतकाच बसला. खडबडीत जागा आली की ती हळूच वळसा घालायची.

दक्षिणेकडच्या एका गावात एक बाई पाहुण्यांना म्हणाली, "शेळ्या दिल्यात ते ठीक, पण चारा कुठे होता? शेळ्यांनी आमचं सगळं अळू खाल्लं. मग आम्ही शेळ्या खाल्ल्या. चवीला बऱ्या होत्या. आणखी आहेत का, विचार."

ओलांदिनाने सांगितलं, "शेळ्यांचा गावाला फार उपयोग झाला. आणखी मिळाल्या तर गाव आभारी राहील."

पाहुणे खूश. बाईही खूश. संध्याकाळी तोमेला हे सांगितलं तेव्हा तो दुखरी कंबर धरून हसला. "तू गाडी चालवतेस की लग्नं जमवतेस?"

एक गोष्ट मात्र ती पाहुण्यांना सांगत नसे. आपण कुठल्या. एकदा एका बाईंना तिने भोळेपणाने सांगितलं होतं, की मीही असल्याच गावची, बाप लढाईच्या काळात रानात गेला तो परत आला नाही, आईने वाढवलं. त्या बाईंनी तिचा गिअरवरचा हात धरला आणि ज्या रडायला लागल्या त्या थांबेनात. "गरिबी कशी वाटते हो?" असं विचारत राहिल्या. ओलांदिनाला रस्ता बघायचा होता. तेव्हापासून कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "मी दिलीची."

खरं म्हणजे ती हातुलेनची. मौबिस्सीच्या पुढे, ढगांत अर्धं बुडलेलं गाव. तिथे तिची आई राहते, बुई लेलो. सैनिकांनी गाव जाळलं त्या वर्षी आई रानातून परतली आणि छपराच्या आधी तिने मका पेरला. लोक म्हणाले, झोपायचं कुठे? ती म्हणाली, "झोप उघड्यावरही येते, मका येत नाही." अशी बाई.

हातुलेनचं पाणी खाली घळीत. बाया बांबूची लांबलचक नळकांडी खांद्यावर घेऊन उतरायच्या आणि भरलेली घेऊन चढायच्या. बुई लेलोच्या उजव्या खांद्यावर त्याचा घट्टाच पडला होता, तळपायासारखा. मग संस्थेने पाइप आणि सिमेंट दिलं, आणि गावाने वरच्या झऱ्यापासून चर खणला. बुई लेलो त्या वयात पहारीने दगड उचकटत होती. पाइप घेऊन येणारा ट्रक अर्थात ओलांदिनाने चालवला. नळाला पाणी आलं. टाकीवर संस्थेचा फलक लागला. राहिली ती वरची वाडी. तिथे ओलांदिनाची मावशी राहायची, आणि तिथल्या बाया अजून घळीतच उतरत होत्या.

त्या वाडीच्या पाइपांसाठीच लोट्टे आली. संस्थेच्या परदेशातल्या मुख्य कार्यालयातली मुलगी, गळ्यात कॅमेरा. तिच्याबरोबर येन्स नावाचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी आपल्या गावी दारोदार फिरून हातुलेनसाठी मदत गोळा केली होती. मुलगी वाईट नव्हती. आपली पिशवी स्वतः उचलायची, पुढ्यात येईल ते खायची, मिरचीचं तिखटसुद्धा. पण तिला फोटो हवे होते. फोटो बघून लोक देतात, आणि लोकांनी दिलं तरच वरच्या वाडीला पाइप.

गाव सजून उभं होतं. ढोल वाजले, पाहुण्यांच्या गळ्यात ताइस, म्हणजे हातमागाची रंगीत वस्त्रं, पडली, गावप्रमुख गास्पार यांचं भाषण झालं. नंतर कॉफी आणि उकडलेली रताळी. बुई लेलो बायांच्या घोळक्यात होती. कामावर असताना ओळख द्यायची नाही, असं लेकीने तिला बजावलेलं. म्हणून ती पुढे आली आणि आपल्या डोंगरी बोलीत, अगदी लवून म्हणाली, "या, चालकबाई. घरी सगळे बरे? नवऱ्याची कंबर काय म्हणते? तुमची आई म्हणे फार कटकटी आहे?"

बाया हाताआड फुसफुसल्या. ओलांदिनाने कपात तोंड घातलं.

आणि नेमका लोट्टेला बुई लेलोचाच चेहरा आवडला. "किती बोलका चेहरा आहे! या आजींना विचार ना, पूर्वीसारखा बांबू खांद्यावर घेऊन खालच्या वाटेने थोडं चालतील का?"

गास्पारनी आधीच तयारी ठेवली होती. कुणाच्या तरी डुकरांच्या गोठ्यात तो जुना बांबू कोंडा घालायला लावलेला होता. तो धुऊन आणला होता, पण वास राहिला होता.

"आवो," गास्पार म्हणाले. आवो म्हणजे आजी. "हा खांद्यावर घ्या, चार पावलं चाला. झालं."

"कशाला?"

"पूर्वी कसं होतं ते दाखवायला."

"पूर्वीचं बघायचं होतं तर पूर्वी यायचं होतं," बुई लेलो म्हणाली. "मी रोज जात होते. वाट काही बंद नव्हती. आता दारात नळ आहे आणि मी बांबू उचलू? लोक म्हणतील, म्हातारीला वेड लागलं."

बाया खो-खो हसल्या. लोट्टेही हसली, काही न कळता, आणि तिने ओलांदिनाकडे बघितलं. "काय म्हणाल्या?"

ओलांदिनाची जीभ सवयीने वळली. "खांदा दुखतो म्हणतात."

"अरे! मग रिकामाच घेऊ दे. नाहीतर नुसत्या शेजारी बसल्या तरी चालेल."

बुई लेलोला परदेशी भाषेचं अक्षर येत नव्हतं, पण ती आंधळी नव्हती. ती लेकीला म्हणाली, "मी एवढं लांबलचक बोलले, आणि तिकडे एवढंसंच पोचलं? बाकीचं वाटेत सांडलं का गं?"

गास्पारनी ओलांदिनाला बाजूला घेतलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "पोरी, आईला समजाव. वरच्या वाडीचे पाइप या फोटोवर अडलेत. तुझी सख्खी मावशी अजून त्या घळीत उतरते. एक फोटो! त्यात काय जातंय?"

तेही खरं होतं. ओलांदिना आईजवळ जाऊन उकिडवी बसली. "इना, मावशीकडे बघ. एकदा उचल. मी तुझ्याबरोबर चालते."

आईचा आवाज खाली आला. आता त्यात थट्टा नव्हती. "बहिणीसाठी मी खणीन. उद्या म्हण, उद्या पहार घेते. पण पाणी वाहायचं सोंग नाही करणार. त्या बांबूवर तुम्ही पोरं वाढलात. तुझा भाऊ तापाने गेला त्या दिवशीसुद्धा मी घळीत उतरले, त्याला न्हाऊ घालायला पाणी हवं होतं म्हणून. ते मी खरंखुरं केलंय, ओलांदिना. त्याचं आता नाटक करू?"



"तू तुझं काम कर," आई म्हणाली. "माझं बोलणं त्यांना सांगणं हे तुझं काम ना? मग सगळं सांग."

ओलांदिना उठली. आबेल आता संस्थेत राहिले नव्हते. नव्या साहेबांना पाहुणे नाराज झालेले खपत नसत. घरी तोमेची कंबर आणि शिकणारी पोरं. हे सगळं तिच्या मनात आलं. ती पाहुण्यांसमोर उभी राहिली आणि आईचं वाक्यन् वाक्य सांगत गेली. पूर्वीचं पूर्वी बघायचं होतं हे, वेड लागलं म्हणतील हे, भावाचं, नाटकाचं, सगळं.  भावाच्या जागी तिने एकदा आईकडे बघितलं, मग पुढचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि या माझ्या आई आहेत. मी इथलीच."

 कॅमेरा लोट्टेच्या गळ्यात लोंबकळत राहिला. तिचे कान लाल झाले होते. येन्स मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मग लोट्टेनेच विचारलं, "त्यांना स्वतःचा फोटो कसा आवडेल?"

ओलांदिनाने सांगितलं. बुई लेलोने स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं आणि ती दचकली. "या अवतारात? थांबा म्हणावं!"

ती घरात गेली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या बाया आपापल्या घरात गेल्या. पाहुण्यांना पुन्हा कॉफी मिळाली, आणि त्यानंतर पुन्हा. गास्पार येरझारा घालत होते. मग बुई लेलो बाहेर आली ती लग्नातला ताइस नेसून, गळ्यात पोवळ्यांची माळ, केसांत चांदीचा आकडा. बाकीच्या बायाही तशाच. आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी होतं, पहार, कुदळ, फावडं. चर खणणारे बापे तिने हाका मारून गोळा केले. एकजण अंघोळ करत होता, तो तसाच ओल्या केसांनी आला.

बुई लेलो नळाशी उभी राहिली. एरवी थेंब वाया गेला तर ती पोरांच्या पाठीत धपाटा घालायची. आज तिने तोटी पुरती सोडली आणि नळावर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.

ओलांदिना गाडीकडे निघाली होती.

"तू कुठे चाललीस?" आई ओरडली. "पाइप कुणी आणले? इकडे ये."

"इना, मी कामावर आहे."

"मीसुद्धा. ये."

लोट्टेने फोटो काढला. त्यात गास्पारही आहेत, कडेला, अजून चिंतेत.

पण फोटोने काम झालं नाही. काही महिन्यांनी कार्यालयातून कळलं की या वर्षी वरच्या वाडीचं जमणार नाही, मदत दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. लोट्टेने भांडून पाहिलं होतं म्हणे. नव्या साहेबांनी ओलांदिनाला काही म्हटलं नाही, फक्त बरेच दिवस तिला विमानतळाच्या फेऱ्या दिल्या. हातुलेनमध्ये गास्पारनी तिच्याशी बोलणं टाकलं. वरच्या वाडीतल्या एकीने बाजारात तोंडावर सुनावलं, "तुझ्या आईचा मान मोठा, आमचे खांदे गेले." ते ओलांदिनाला फार लागलं. घरी येऊन ती जेवली नाही. आपण वळसा घातला असता तर, हे तिच्या मनातून जाईना.

सुट्टी मिळताच ती गावी गेली. घर बंद. शेजारीण म्हणाली, "तुझी आई वर गेलीय. बोलली होती ना, खणीन म्हणून."

ओलांदिना चढून गेली. वरच्या वाडीच्याही वर, झऱ्याखालच्या गवताच्या उतारावर, बुई लेलो आणि तिची बहीण, दोन म्हाताऱ्या, पहारीने चर खणत होत्या. पाइप नाही, सिमेंट नाही, नुसता चर.

"इना, पाइप कुठायत?"

"येतील तेव्हा येतील. आल्यावर काय खणत बसायचं?"

ओलांदिनाने चपला काढल्या आणि फावडं घेतलं. पुढच्या आठवड्यात बाया आल्या, बाजारात बोललेलीही आली. मग बापे. शेवटी गास्पार आले. त्यांनी चराकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आवो, उतार चुकलाय इथे. पाणी वर चढणार आहे का?" "मग दाखव की," बुई लेलो म्हणाली. भांडण तिथे मिटलं.

कोरडा हंगाम सरेपर्यंत चर वाडीला टेकला. त्याचा फोटो ओलांदिनाने आपल्या फोनवर काढला आणि येन्स मास्तरांना पाठवला, नुसता, काही न मागता. मास्तरांच्या गावाने अर्धे पाइप पाठवले. उरलेल्या अर्ध्यांसाठी गास्पार जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत जाऊन बसले, ते उठेचनात. साहेब जेवायला गेले तरी बसलेले, परत आले तरी बसलेले. अखेर मंजुरी मिळाली. पाइपांचा ट्रक ओलांदिनाने आणला. शेवटच्या वळणावर रस्ता संपला तिथून माणसांनी पाइप खांद्यावर घेतले. पाणी आलं त्या दिवशी मावशीने नळाखाली डोकं धरलं आणि ती उभ्यानेच न्हाली, सगळ्यांदेखत, नव्या ताइससकट.

त्यानंतर दोनेक वर्षांनी दिलीत पूर आला. डोंगरातून नदी शहरात शिरली. ओलांदिनाच्या गल्लीत गुडघाभर चिखल, घरातली भांडी रस्त्यावर, तोमेला शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये ठेवलेलं. परदेशी संस्थांच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, अंगात रंगीत जाकिटं घातलेली माणसं पाहणी करत होती. ओलांदिना चिखलात उभी राहून पातेलं शोधत होती.

तेवढ्यात मौबिस्सीकडून एक जुना कॉफीचा ट्रक आला. वरती कोबीची पोती, मक्याची पोती, आणि पोत्यांवर हातुलेनची माणसं, पहारी नि फावडी घेऊन. सगळ्यात उंच पोत्यावर बुई लेलो बसली होती, राणीसारखी.

"उतरवा मला," ती म्हणाली. "आणि त्या पोरीला सांगा, हाताने काय चिखल उपसतेय?"

गास्पारनी माणसं वाटली. या घराला चार, त्या घराला चार. आधी चर काढा, म्हणजे पाणी वाहून जाईल. त्या कामात हातुलेनला शिकवायचं काही उरलं नव्हतं. बायांनी चर्चच्या अंगणात मका आणि घेवडा शिजायला लावला आणि सगळ्या गल्लीला वाढायला घेतलं. कोण कुठला, कुणी विचारलं नाही.

जाकीटवाल्यांतला एक तरुण गास्पारजवळ आला. त्याला बहुधा कामांची वाटणी लिहून घ्यायची होती. त्याने मोडक्यातोडक्या तेतुम भाषेत विचारलं, "तुम्ही कुठल्या संस्थेचे?"

गास्पारनी फावडं चिखलात रोवलं, कंबर सरळ केली.

"हातुलेनचे," ते म्हणाले.

त्याला ते नाव यादीत सापडेना. तो ओलांदिनाकडे वळला. ती कोपरापर्यंत चिखलात, केस तोंडावर आलेले.

"ते माझं गाव आहे," ओलांदिना म्हणाली. "ती पहारवाली माझी आई. जेवलात का तुम्ही? मका तयार आहे, बसा."